सिकलाग नसलेलं गाव

माझ्या वडिलांनी सिकलाग सापडल्याची बातमी चर्चमध्ये परस्पर जाहीर करून टाकली, तेव्हा मला त्यांना थांबवायची संधीच मिळाली नाही. त्यांचा फोन आला तोवर तिकडे रविवारची संध्याकाळ झाली होती. मी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजमध्ये सकाळच्या रिकाम्या बसमधून लॅबला निघाले होते.

"सगळी मंडळी दाराशी थांबली होती," पप्पा म्हणाले. "म्हणाले, पाळकसाहेब, शास्त्रातलं गाव आपल्या पोरीनं हुडकून काढलं!"

"पप्पा, मी काही हुडकलेलं नाही. माझे सर कित्येक वर्षांपासून तिथं खोदतायत. मी फक्त त्यांचा कोळसा धुते."

"अगं पण तू तिथंच आहेस ना? मग झालं तर."

पप्पा नगर जिल्ह्यातल्या एका चर्चच्या लहानशा मंडळीचे पाळक. आमच्या घरी संध्याकाळी बायबलचा शास्त्रपाठ झाल्याशिवाय ताटं मांडली जात नसत, त्यामुळे सिकलागची गोष्ट मला लिहावाचायला येण्याआधीपासून पाठ होती. दावीद राजा व्हायच्या आधी रानोमाळ पळत होता तेव्हा पलिष्ट्यांच्या राजानं त्याला राहायला हे गाव दिलं. एकदा तो आणि त्याची माणसं बाहेर गेलेली असताना वाळवंटातल्या अमालेक्यांनी गाव जाळलं आणि बायकामुलांना धरून नेलं. माणसं परतली तर नुसता धूर. मग ते सगळे लढवय्ये रडायचं त्राण संपेपर्यंत रडले. पप्पा ही गोष्ट सांगताना इथं थांबायचे, चष्मा पुसायचे, आणि मग पुढचं सांगायचे: दावीद त्यांच्या मागावर गेला आणि सगळ्यांना सोडवून आणलं. लहान नाही, मोठं नाही, एकही माणूस हरवलं नाही.

हे गाव नेमकं कुठं होतं ते मात्र आज कुणालाच ठाऊक नाही. नाव शास्त्रात राहिलं आणि जागा विसरली गेली. निरनिराळ्या अभ्यासकांनी निरनिराळी टेकाडं पुढे केलेली आहेत आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. माझ्या सरांचंही एक टेकाड होतं. डोंगर संपून वाळवंट सुरू होतं त्या पट्ट्यात, एका कोरड्या ओढ्याच्या काठी.

मी पुण्यात केमिस्ट्री केली आणि जुन्या वस्तूंचं वय काढायचं काम शिकायला अमेरिकेत आले. बसमध्ये भेटणारी बाकीची मराठी मुलं कॉम्प्युटर नाहीतर सिव्हिलची. माझी नागपूरची रूममेट पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "म्हणजे तू जळकी लाकडं अ‍ॅसिडमध्ये धुतेस? आणि त्यासाठी व्हिसा मिळाला तुला? कमाल आहे यार." तिचं अगदीच चूक नव्हतं. माझा दिवस तसाच जायचा. खोदकामातून आलेला कोळसा किंवा जळका दाणा घ्यायचा, त्याला चिकटलेली माती आणि मुळं रसायनांनी काढून टाकायची, उरेल ते शुद्ध करून मशीनला द्यायचं. ते झाड किंवा तो दाणा साधारण कधी जिवंत होता, हे मशीन सांगतं. मशीनला दावीद ठाऊक नसतो आणि अमालेकीही.

सर उंच आणि जरा वाकलेले, गुडघ्यांनी थकलेले. मला 'सर' म्हणू नको, नावानं हाक मार, असं ते दर सेमिस्टरला एकदा सांगायचे आणि मी दर सेमिस्टरला ते विसरायचे. आमचं सगळं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं. मला मात्र ते मराठीतच आठवतं. मी पाळकाची मुलगी आहे हे कळल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "तुमच्या भाषेत झिक्लॅगला काय म्हणतात?"

"सिकलाग."

त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. "हे जास्त बरं आहे," म्हणाले.

त्यांच्या मुलीबद्दल मला पहिलं वर्षभर काहीच माहीत नव्हतं. थँक्सगिव्हिंगला ज्यांना जायला घर नाही अशा विद्यार्थ्यांना ते जेवायला बोलवायचे. त्या वर्षी बाकीच्यांना कुठं कुठं जायचं होतं, म्हणून मी एकटीच गेले. त्यांच्या पत्नी ठेंगण्या, घाईनं बोलणाऱ्या, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनाही नावानंच हाक मारायची होती. ते माझ्या जिभेवर काही बसेना. मनात मी त्यांना काकू म्हणू लागले, इथंही तसंच म्हणते.

जेवणानंतर सर खुर्चीतच पेंगले. भांडी धुताना मी सहज विचारलं, की जिन्यातल्या फोटोतली उन्हानं लाल झालेली मुलगी कोण?

"आमची मुलगी," काकू म्हणाल्या. "त्यांनी तुला सांगितलं नाही? सांगणार नाहीतच."

हातातलं भांडं पुसत पुसत त्यांनी मला सगळं सांगितलं. सर तेव्हा दुसऱ्या राज्यातल्या एका लहान कॉलेजात शिकवत. मुलगी नुकतीच कॉलेजात जायला लागली होती आणि सुट्टीत वडिलांबरोबर खोदकामाला गेली होती. तिला त्या कामाचं वेड लागलं. सरांना तेव्हाही सिकलाग म्हणून तीच जागा वाटत होती, म्हणून तिथून फोन केला की ती म्हणायची, "आई, मी झिक्लॅगहून बोलतेय." हंगामाच्या शेवटी अवेळी पाऊस झाला. त्या मुलखात असा पाऊस सहसा होत नाही. दोन दिवस काम बंद राहिलं, तिसऱ्या दिवशी ऊन पडलं म्हणून सगळे खाली उतरले. दोन खड्ड्यांच्या मधे खोदणारे मातीची जी भिंत राखून ठेवतात, ती आतून भिजलेली होती. ती मुलगी खाली बसून ब्रशनं माती सारत होती आणि भिंत तिच्या अंगावर आली. सर पलीकडच्याच खड्ड्यात होते. त्यांनी आणि बाकीच्यांनी हातांनी माती उपसली.

"हातांनी का, ठाऊक आहे?" काकू म्हणाल्या. "फावडं तिला लागेल म्हणून."

मी नळ बंद केला.

"आणि पुढच्या वर्षी हे परत गेले. तोच खड्डा त्यांनी खाली तळापर्यंत खोदला. लोकांना वाटलं डोकं फिरलं. मला नाही वाटलं. मीच म्हटलं होतं, जा. तिनं सुरू केलंय, पुरं करून या."

त्या खड्ड्याच्या तळाशी त्यांना जळलेलं घर मिळालं. राखेचा जाड थर, छपराच्या कोसळलेल्या तुळया आणि कोपऱ्यात माणसाच्या कमरेएवढा एक रांजण, काळ्याठिक्कर गव्हानं भरलेला. तुळयांचा कोळसा तपासला तेव्हा तो दाविदाच्या काळाच्या आसपासचा निघाला. पलिष्ट्यांची भांडी खालच्या थरात होतीच. सरांनी लिहिलं: हे सिकलाग. काहींनी मान्य केलं, काही म्हणाले की वरची भांडी उशिराच्या काळातली दिसतात. पण जळलेलं गाव दाखवता येत होतं, आणि लोकांना जळलेलं गाव हवं होतं. चर्चवाले बसगाड्या करून ते टेकाड बघायला जाऊ लागले.

मुलीला काकूंच्या माहेरच्या गावी पुरलं आहे, स्टेट कॉलेजपासून अर्ध्या तासावर. त्यासाठीच पुढे ते या भागात राहायला आले. मी नंतर एकदा त्यांच्याबरोबर तिथं गेले. करड्या दगडावर तिचं नाव, आणि त्याखाली 'झिक्लॅग येथे मृत्यू'. गावाच्या त्या दफनभूमीत बाकीच्या दगडांवर कुठल्याच ठिकाणाचं नाव नव्हतं. सगळे तिथंच जन्मून तिथंच गेलेले.

मग तिकडे लढाई सुरू झाली आणि खोदकाम बंद पडलं. सरांना निवृत्तीआधी शेवटचा सविस्तर अहवाल छापायचा होता. तो तपासणाऱ्यांनी एकच हरकत घेतली. नुसत्या लाकडावर भिस्त ठेवता येणार नाही, म्हणाले. एका हंगामात उगवून पिकणारं काहीतरी तपासा. हरकत रास्त होती. रखरखीत मुलखात चांगलं लाकूड कुणी टाकून देत नाही. पडक्या घराची तुळई नव्या घराला लावतात, आमच्याकडेही लावतात. घर जळलं ते केव्हा, हे तुळई सांगत नाही. झाड केव्हा वाढलं तेवढंच ती सांगते. गव्हाचं तसं नसतं. रांजणातला गहू फार तर आगीआधीच्या दोन-चार वर्षांतला.

सरांनी गव्हाच्या डब्या कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवल्या. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डब्या होत्या, झाकणावर चिकटपट्टी.

"हे आधी का नाही केलं?" मी विचारलं.

"तेव्हा यंत्राला पुष्कळ गहू द्यावा लागायचा," ते म्हणाले. मग खिडकीकडे पाहत म्हणाले, "नंतर नाही लागायचा. नंतर मी केलं नाही."

मी दाणे धुतले. जळलेला गहू हातात घेतला की त्याचा आकार जसाच्या तसा असतो, पोटावरची खाचसुद्धा. जरा दाब पडला तर मात्र भुकटी. मी फार जपून काम केलं. निकाल आला तेव्हा मला आधी वाटलं, माझ्याच हातून काही गडबड झाली. वेगळ्या डबीतले दाणे घेतले, पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. तेच आलं. मग दुसऱ्या राज्यातल्या एका लॅबला काही दाणे पाठवले, कशातले आहेत ते न सांगता. त्यांचंही तेच.

गहू दाविदाच्या सुमारे दोनशे वर्षं नंतरचा होता. ते घर जळलं, ते गाव जळलं, हे खरं. पण अमालेक्यांनी नाही आणि दाविदाच्या वेळीही नाही. खालची पलिष्ट्यांची भांडी त्याच्याही आधीची; दाविदाच्या काळात त्या जागी गाव म्हणावं असं काही होतं, याचा पुरावा त्या तुळयाच होत्या, आणि त्या तर नंतरच्या घरात वापरलेल्या जुन्या तुळया निघाल्या.

मी आकड्यांचा कागद घेऊन सरांच्या ऑफिसात गेले. दुपार होती, बाहेर मुलं हिरवळीवर फ्रिसबी खेळत होती. कागद त्यांच्यापुढे ठेवून मी उभीच राहिले. त्यांनी बस म्हटलं नाही, बहुतेक सुचलं नसावं. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"दुसऱ्या लॅबला पाठवलेस?"

"हो. तेच आलं."

"दाणे त्या रांजणातलेच?"

"तुमच्याच अक्षरातली चिकटपट्टी आहे, सर."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "भांड्यांवरून मला शंका होती," ते म्हणाले. "खूप आधीपासून. एक काठ होता एका वाडग्याचा. असा काठ लवकरच्या काळात कुणी करत नाही. मी तो अपवाद म्हणून लिहिला." मग म्हणाले, "अपवाद फार झाले होते."

मी म्हटलं, "सर, अहवालात दोन्ही शक्यता लिहिता येतील. तुळयांचं एक, गव्हाचं एक—"

"नाही," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तुला ठाऊक आहे, तसं लिहिता येणार नाही."

मग त्यांनी मला एक विनंती केली. घरी सांगायचं आहे, तेव्हा तू बरोबर चल. बायको गव्हाबद्दल विचारेल आणि मला नीट सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. मला वाटतं, एकटं जायची त्यांना भीती वाटत होती.

शनिवारी सकाळी मी गेले. काकूंनी कॉफी केली होती, मफिन ठेवले होते. सरांनी एका दमात सांगितलं. काकूंनी खरोखरच मला गव्हाचं विचारलं, मी सांगितलं. त्यांना नीट समजलं. त्या हुशार होत्या, आडपडदा न ठेवता विचारत होत्या. किती खात्री आहे, चूक असायची शक्यता किती, मशीन बिघडलेलं असेल का. मी प्रत्येकाचं खरं उत्तर दिलं. प्रत्येक उत्तरानंतर त्यांचा चेहरा आणखी आक्रसत गेला.

"मग ते कुठलं गाव आहे?" त्यांनी शेवटी सरांना विचारलं.

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? काहीतरी नाव असेल."

"असेल. आपल्याला माहीत नाही. कदाचित कधीच कळणार नाही."

काकू उठल्या आणि सिंकपाशी पाठ करून उभ्या राहिल्या. "तुम्हाला हे छापायलाच हवं का?"

"हो."

"तुम्ही म्हातारे झालात. लढाई चालू आहे. कुणी तिथं जाणार नाही. तुमच्यानंतर कुणीतरी करेल हे. दुसऱ्या कुणाला करू दे."

"मला ठाऊक असताना नाही." मग ते म्हणाले, आणि ते बोलले नसते तर बरं झालं असतं, "दगडाचंही बघावं लागेल."

काकू वळल्या. इतकी चीड मी एखाद्या माणसाच्या चेहऱ्यावर तोवर पाहिली नव्हती. "दगडाला हात लावायचा नाही. ती झिक्लॅगमध्ये गेली. तिनं मला तिथून फोन केले होते. तुम्ही कुठं खोदलंत ते तुमचं तुम्ही बघा."

"ते खोटं आहे," सर हळूच म्हणाले.

"त्या गोष्टीत सगळ्यांच्या मुली परत येतात," काकू म्हणाल्या. "प्रत्येकाची. एकूण एक. हे तुम्ही मला तिच्या फ्युनरलच्या दिवशी ऐकू दिलंत. पाद्र्यानं तीच गोष्ट वाचली आणि मी ऐकून घेतली, कारण निदान ती जागा तरी खरी होती."

मी निघायला हवं होतं, पण उठायचं कसं ते कळेना. शेवटी काकूंनीच माझ्या हातात कागदी पिशवीत बांधलेले दोन मफिन दिले. "तुझ्यावर राग नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र तसा नव्हता.

मी बस न पकडता चालत घरी गेले. रूममेटनं विचारलं, काय झालं, तर सांगता येईना. पप्पांना फोन लावला. त्यांना सांगायचं होतंच. मी सगळं सांगून टाकलं.

"पप्पा, तुम्हाला चर्चमध्ये सांगावं लागेल आता. सॉरी."

"ते सांगेन मी," ते म्हणाले. "मंडळी काही उपाशी राहायची नाही त्यावाचून. त्या मुलीची आई एकटीच असते का घरी?"

"दोघं असतात."

"तेच विचारतोय. दोघं असून एकटीच असते का?"

मला त्यांचं म्हणणं कळलं आणि मी फोनवरच रडले.

सरांनी अहवाल छापला. त्याआधी विभागात त्यांचं एक भाषण झालं. एरवी त्यांच्या भाषणाला आजूबाजूच्या चर्चमधली माणसं यायची, जुनी, देणग्या देणारी. त्या दिवशीही आली होती. सरांनी गव्हाचा फोटो पडद्यावर दाखवला, आकडे दाखवले आणि म्हणाले, माझी इतक्या वर्षांची मांडणी चुकीची आहे. दुसरं टेकाड कुठलं असेल यावर त्यांनी अंदाजही केला नाही. एका वयस्कर गृहस्थांनी उठून विचारलं, "मग आम्ही तिकडे जाऊन कशापुढे प्रार्थना केली?" सर म्हणाले, "एका जळलेल्या गावापुढे. तिथंही माणसं राहत होती." गृहस्थ खाली बसले नाहीत, तसेच बाहेर गेले. त्यांच्यामागून आणखी काही जण गेले. विभागातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. धैर्य, प्रामाणिकपणा, असे शब्द नंतर चहाच्या वेळी पुष्कळ कानावर आले. सर एका हातात पेपर कप धरून भिंतीशी उभे होते आणि कुणी जवळ आलं की दचकत होते. काकू आल्या नव्हत्या.

त्यानंतर ते झपाट्यानं उतरले. मला लॅबमधून दिसायचे तेव्हा ते ऑफिसात नुसते बसलेले असत, दिवाही न लावता. एकदा मी सूप घेऊन गेले. ते म्हणाले, घरी दोघं जेवतो, पण एका वेळी नाही. मी म्हटलं, दगडाचा विषय सोडून द्या, सर. ते म्हणाले, "सोडलाय. मी तर तिला म्हटलं, तुझंच बरोबर. तिला तेही नको आहे." मग चमचा हातात धरून म्हणाले, "मला वाटायचं, निदान एक तरी गोष्ट मला नक्की ठाऊक आहे. ती गेली ते ठिकाण."

हिवाळ्यात त्यांना हार्ट अ‍ॅटॅक आला. बर्फ फावड्यानं ओढताना आला असं कुणीतरी नंतर म्हणत होतं, पण तसं नव्हतं. ते सकाळी बुटांची नाडी बांधत होते. मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा काकू त्यांच्या पलंगाशी बसल्या होत्या, अंगात कोट तसाच. त्यांचा हात सरांच्या हाताजवळ होता, हातात नव्हता. सर शुद्धीवर आले नाहीत. काकूंनी त्यांना काही सांगितलं असेल तर ते मी यायच्या आधी. मला त्यांनी इतकंच विचारलं, की खाली कॅफेटेरिया उघडा असेल का. आम्ही दोघींनी टोस्ट खाल्ला. आम्ही वर आलो तोवर सगळं आटपलं होतं.

त्यांना मुलीशेजारी पुरलं.

सर गेल्यावर माझ्या कामाला कुणी वाली उरला नाही. अनुदान बंद झालं. कशीबशी डिग्री पदरात पाडून घेतली आणि मिशिगनमधल्या नोव्हाय गावात एका कंपनीत नोकरी धरली. गाड्यांच्या पार्ट्सवरचे चिनी मातीचे थर तापवून ते कधी तडकतात ते बघायचं. आजूबाजूला मराठी घरं पुष्कळ, शनिवारी कुणाकडे ना कुणाकडे जेवण. कुणी विचारलं तर सांगते, मटेरियल्समध्ये आहे. ते सोपं पडतं.

तिथं जाण्याआधी मात्र एक काम राहिलं होतं. सरांच्या तळघरात टेकाडावरच्या खापरांचे खोके होते, अभ्यासासाठी उसने आणलेले. ते त्या देशाच्या पुरातत्त्व खात्याला परत पाठवायचे होते. काकूंनी मला मदतीला बोलावलं. आम्ही दोघी तळघरात स्टुलांवर बसून एकेक खापर फेसाच्या कागदात गुंडाळत होतो. काकू बरंच काम अगदी शांतपणे करत होत्या. गव्हाच्या उरलेल्या डब्या हाताशी आल्या तेव्हा त्यांनी एक उघडली आणि तळहातावर थोडे दाणे घेतले.

"हे तिच्या खालीच होतं," त्या म्हणाल्या. "किती खाली?"

"फार नाही," मी म्हटलं. "एक-दोन हात."

त्यांनी दाणे बोटानं सारले. एक दाणा फुटून त्यांच्या तळव्यावर काळी रेघ उठली.

"त्या घरातली माणसं कुठं गेली? हाडं मिळाली होती का?"

"त्या खोलीत नाही मिळाली."

"म्हणजे पळाली."

"असेल. किंवा धरून नेली असतील."

"कुणी?"

"ते माहीत नाही, काकू." चुकून मराठी शब्द तोंडातून गेला. त्यांनी तो काय म्हणून विचारलं नाही.

"आणि कुणी त्यांना आणायला गेलं का, तेही माहीत नाही."

"नाही."

त्यांनी दाणे परत डबीत ओतले, झाकण घट्ट बसवलं आणि माझ्याकडे दिली. मी ती गुंडाळली. पुढचा खोका त्यांनीच ओढला आणि आम्ही कामाला लागलो, कारण कुरियरची गाडी दुपारी यायची होती आणि अर्ध्याहून जास्त काम बाकी होतं.